तिसऱ्या पायरीवरची रेघ

दाजी,

तुमच्या दफनाच्या वेळी मी बोललो नाही. पाळकसाहेबांनी दोनदा माझ्याकडं पाहिलं. तुमच्या सलोमीनं मागून कोपरानं ढोसलं, "मामा, उठा की." मी उठलो, एक स्तोत्र वाचलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटला. चहाच्या वेळी चौघांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मास्तर, आधार गेला तुमचा." मी मान हलवली.

गळा दाटला नव्हता, दाजी. तीस वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या शवपेटीशेजारी उभा राहून बोलत आलोय. शब्द मला कधी कमी पडले नाहीत, हेच तर माझं दुखणं. पण त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर एक तर पुन्हा खोटं बोललो असतो, नाही तर तुम्ही जिवंतपणी ऐकायला हवी होती ती गोष्ट तुमच्या पेटीला सांगितली असती. दोन्हींचा धीर झाला नाही.

आता मंडळीच्या मासिकासाठी तुमच्या आठवणी मागितल्यात. "दोन पानं द्या, मास्तर, तुम्हीच जवळचे." जवळचा होतो खरा. तुमचा एकुलता एक मेहुणा. अक्काचा धाकटा भाऊ. तुम्ही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला सायकलवर डबलसीट घेऊन पुलावर गेला होता, ते आठवतं का? मी अकरावीत होतो आणि जगातलं सगळं मला कळत होतं. तुम्ही पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी वाचायला होता. पुलाच्या खांबावर रंगवलेली फुटांची पट्टी दाखवून म्हणालात, "हितं पाणी कुठं टेकलंय बघायचं आणि लिवायचं. झालं. ही आमची नोकरी."

मी म्हणालो, "एवढंच?"

"एवढंच. पर जमत न्हाय लोकास्नी." तुम्ही हसलात. "पट्टीवर गाळ बसतोय, कधी धुकं असतंय, कधी लाटा असत्यात. मग माणूस काय करतोय? मगाशी एवढं हुतं, म्हंजे आता एवढं असंल, म्हणून अंदाजानं दडपतोय. तसं न्हाय करायचं. दिसलं तर आकडा लिवायचा. न्हाय दिसलं तर सरळ लिवायचं, दिसत नाही."

"आणि साहेब रागावले तर?"

"रागवू देत की. साहेबाला बी दिसत न्हाय."

तो विनोद तुम्ही आयुष्यभर केला. मी आयुष्यभर हसलो आणि त्यातलं काही घेतलं नाही.

मी पुढं मास्तर झालो, कोल्हापुरात शाळेला लागलो. तुम्ही आणि अक्का शिरोळकडं, कृष्णाकाठच्या आपल्या गावात. आपल्या पाळकांकडं सात गावं, त्यामुळं गावात महिन्यातून एकदाच यायचे. उरलेल्या रविवारी मी मोटारसायकलवर यायचो आणि संदेश द्यायचो. लोकांना माझा संदेश आवडायचा. मला तर फारच आवडायचा. तुम्ही ड्यूटी नसली तर मागच्या चटईवर बसायचा. संपल्यावर बाहेर चपला घालताना ठरलेलं वाक्य, "काय मास्तर, आज देवाला बोलू दिलासा का न्हाय?"

अक्का डोळे वटारायची. "काय तर बोलायचं आपलं. पोरगं कोल्लापुरास्नं येतंय एवढ्या लांबनं."

"म्हणूनच इचारतोय. लांबनं आलंय, थकलं असंल. थोडं देवाला बी बोलू दे म्हणावं."

आपल्या चर्चची ती तिसरी पायरी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमचं छोटं चर्च नदीकडं तोंड करून, गावाच्या उतारावर. पाच पायऱ्या. माझ्या लहानपणी एक मोठा पूर आला होता, तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीला लागलं आणि थांबलं. आत गेलं नाही. त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी पायरीवर छिन्नीनं एक आडवी रेघ मारली. तेव्हापासून दर वर्षी पाणी ओसरलं की सगळी घरं मिळून ती पायरी धुवायची. बायका घासायच्या, पुरुष पाणी आणायचे, मग पायरीभोवती उभं राहून उपकारस्तुती. गुळाचा चहा. अक्का नेहमी पुढं, पदर खोचून, हातात काथ्या. त्या पायरीवर आमचा सगळ्यांचा जीव.

ती रेघ म्हणजे आभार होते, दाजी. हे मला आता कळतं. त्या म्हाताऱ्यांनी "देवा, इथवर आलं आणि थांबलं, तुझे उपकार" एवढंच कोरलं होतं. झालेली गोष्ट लिहिली होती, तुमच्यासारखी. मी त्या रेघेचं वचन केलं. इथवरच येईल, पुढं येणार नाही, असं देवानं लिहून दिलंय, असं मी सांगू लागलो. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात देव वादळातून बोलतो, समुद्राला मी दारं लावली, अडसर घातला, लाटांना हद्द दिली, असं सांगतो. तो भाग माझा हातखंडा. देवाची शक्ती, देवाचं शहाणपण, माणसाचं कस्पटासमान असणं. ते वाचताना माझा आवाज असा काही भरायचा की मागं बसलेली पोरंसुद्धा गप्प व्हायची. आणि वाचून झालं की मी दाराबाहेर, पायरीकडं बोट दाखवायचो.

एकदा यावरून आपलं वाजलं होतं. जोंधळ्याची भाकरी, आंबाडीची भाजी, तुमच्या सोप्यात. तुम्ही म्हणालात, "मास्तर, देव त्या ईयोबाला समुद्राचं सांगतोय ते काय म्हणून सांगतोय?"

"माणसानं देवापुढं गप्प बसावं म्हणून."

"मला तसं न्हाय वाटत. त्येला कुठं गप बस म्हणाला? इचारतोय त्येला. पाया घातला तवा कुठं हुतास, बर्फ कुठं साठवलंय बघितलंस का, रानातली शेळी कधी विती म्हाईत हाय का. पट्टी दाखवतोय त्येला. बघ बाबा, तुझी पट्टी कुठवर, माझी कुठवर."

"तेच की. माणसाला काही कळत नाही."

"मग तुला कसं कळलं, पाणी पायरीवर थांबतंय ते?"

मी चिडलो. विश्वास वेगळा आणि सरकारी पट्टी वेगळी, असं काहीतरी बोललो. अक्कानं ताटात आणखी भाजी वाढली म्हणून तो विषय थांबला. तुम्ही फक्त एवढं म्हणालात, "त्येच्यात एक पाणघोड्यासारखं जनावर हाय बघ. नदी फुगली तरी घाबरत न्हाय. मला ते लई आवडतंय. पर ते जनावर हाय, मास्तर. आपण न्हाय."

त्या महापुराच्या रविवाराचं आता सांगतो. गेले दोन आठवडे या परिच्छेदापर्यंत येतोय आणि उठून जातोय.

तीन दिवस नदी चढत होती. वीज गेलेली, गावात सगळ्यांचे फोन मेलेले. मी कोल्हापूरहून शनिवारीच आलो होतो, माझा फोन तेवढा चालू. तुम्ही वरच्या पुलावर, चार दिवस घरी नाही. गावातली बरीचशी माणसं निघाली होती. आमच्या लोकांना मी चर्चमध्ये गोळा केलं. पंधरा-वीस माणसं. पाणी पहिल्या पायरीला लागलेलं दारातून दिसत होतं. मी तोच भाग वाचला. तोच आवाज लावला. पायरीकडं बोट करून म्हणालो, "देवानं तिथं रेघ मारली आहे. देव आपला शब्द फिरवत नाही." सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणाली ती अक्का.

उपासना संपली तेव्हा दुपार होती. गावातले बाबूभाई ट्रॅक्टर घेऊन शेवटच्या खेपेला उभे होते, मागं ट्रॉलीत त्यांच्या घरची माणसं, दोन शेळ्या, गाद्या. त्यांनी ओरडून विचारलं, "मास्तर, बसताय का न्हाय?"

मी म्हणालो, "आम्ही इथंच आहोत, बाबूभाई. देव आहे."

"देव हाय की! पर पाणी बी हाय न्हवं!"

आमच्यातले दोघं-तिघं हसले. एक-दोघं उठलेसुद्धा. मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि ते बसले. दाजी, मी हात धरून कुणाला बसवलं नाही. नुसतं पाहिलं.

तेवढ्यात तुमचा फोन आला. मी व्हरांड्यात गेलो.

तुम्ही म्हणालात, "मास्तर, ऐक. हितं पट्टी लई झपाट्यानं चढायल्या. असं मी नोकरीत बघितलं न्हाय. हे पाणी दिवस मावळायच्या आत तुमच्यात येतंय. पायरी-बियरी काय ऱ्हात न्हाय. ट्रॅक्टर हाय तवर अक्काला बसव. सगळ्यास्नी काढ. ऐकू आलं का?"

ऐकू आलं होतं. एकेक अक्षर. मागं पाण्याचा आवाज येत होता तोसुद्धा.

मी दारातून आत पाहिलं. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. पाच मिनिटांपूर्वी मी देवाच्या नावानं शब्द दिला होता. आता आत जाऊन काय सांगायचं? देव नाही म्हणाला, पट्टी म्हणाली? मी फोनमध्ये म्हणालो, "हॅलो? हॅलो दाजी? आवाज येत नाही. हॅलो?" तुम्ही पुन्हा सगळं सांगितलं, आणखी मोठ्यानं. मी पुन्हा म्हणालो, "काही ऐकू येत नाही, दाजी," आणि बंद केला. मग फोनच बंद करून खिशात टाकला. स्वतःला सांगितलं, बॅटरी वाचवतोय.

अक्कानं विचारलं, "कुणाचा हुता?"

"दाजींचा. रेंज नाही. काही कळलं नाही."

"जेवलेत का तेवढं तर इचारायचं," ती म्हणाली.

ट्रॅक्टर गेला.

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा आम्ही गाणं म्हणत होतो. रेघ बुडाली तेव्हाही म्हणत होतो. चौथी पायरी गेली तेव्हा गाणं थांबलं. रात्र आम्ही कौलांवर काढली, सकाळी होडी आली. अक्काला दमा होता हे मला काय नव्यानं सांगायचं. ती रात्रभर भिजली. पाचव्या दिवशी दवाखान्यात तिनं प्राण सोडला. रस्ते बंद असल्यामुळं तुम्ही पोचलात तोवर तिला बोलता येत नव्हतं.

आणि मग मी काय केलं, दाजी? तिच्या स्मरणसभेत मी उभा राहिलो. तुम्ही समोर, तुमच्या शेजारी सलोमी. मी तासभर बोललो. माणसानं देवाला का म्हणून विचारू नये. त्याचे मार्ग आपल्या बुद्धीच्या पलीकडचे. तो देतो, तो घेतो. एकही शब्द चुकीचा नव्हता. पण भिजू नये म्हणून धान्यावर ताडपत्री टाकतात ना, तसा मी देवाचा मोठेपणा माझ्या त्या एका फोनवर ओढून घेतला होता. देवाला विचारू नका, हे मी सांगत होतो तेव्हा खरं म्हणजे मला विचारू नका, असं म्हणत होतो. बायका रडत होत्या. तुम्ही नाही रडलात. माझ्याकडं बघत राहिलात.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सांत्वनाला आले आणि आधी सात दिवस नुसते गप्प बसले, तोवर त्यांचं बरं चाललं होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. मी सात मिनिटंसुद्धा गप्प बसलो नाही.

पुढं तुम्ही कोल्हापुरात सलोमीकडं राहायला आलात. पहिलं वर्षभर सलोमी तुमच्याशी बोलली नाही. एकाच घरात, ताट पुढं ठेवायची आणि जायची. तिचं एकच म्हणणं होतं आणि ते तिनं माझ्यासमोर तुमच्या तोंडावर म्हटलं होतं: "फोन लागला न्हाय म्हणून नुसतं बसलासा? सोडून यायचं हुतं ती पट्टी! आईपरास पट्टी मोठी?"

तुम्ही मान खाली घातलीत. "व्हय गं. यायला पायजे हुतं."

मी तिथंच बसलो होतो, दाजी. हातात कपबशी होती. एक वाक्य बोललो असतो तर तिचा राग तुमच्यावरून उठून माझ्यावर आला असता, जिथं तो असायला हवा होता. मी म्हणालो, "सलोमी, असं बोलू नये. देवाची इच्छा होती." तुमच्या खांद्यावर मी माझं ओझं ठेवलं आणि वर सांत्वनही केलं. याहून वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही. अक्काच्या बाबतीत मी घमेंडीत चुकलो. तुमच्या बाबतीत रोज, ठरवून.

दर रविवारी संध्याकाळी मी यायचो. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून शास्त्र वाचून दाखवायला. तुम्हाला ईयोबच हवा असायचा. मी वादळापर्यंत वाचायचो, शेळी, शहामृग, तुमचा पाणघोडा, आणि पुस्तक मिटायचो. तुम्ही म्हणायचात, "शेवटचं पान ऱ्हायलं की."

"शेवटी काय, त्याला सगळं परत मिळतं."

"त्येच्या आधी काय तर हाय. देव त्या मित्रांवर रागावतोय. ईयोबावर न्हाय. ज्यांनी देवाची बाजू घेऊन एवढं भाषण केलं, त्यांच्यावरच. आणि सांगतोय, जावा त्याच्याकडं, तो तुमच्यासाठी प्रार्थना करंल. ते तू कधी वाचत न्हाईस बघ."

मला वाटायचं, तुम्ही म्हातारपणी एकच एक धरून बसलाय. आता वाटतं, तुम्ही दार उघडून धरलं होतं आणि मी पायऱ्यांवर उभा राहून हवापाण्यावर बोलत होतो.

एकदा तर तुम्ही अगदी जवळ आला होता. उन्हाळ्याचे दिवस, पन्हं घेत होतो. काही संबंध नसताना म्हणालात, "त्या दिवशी तुझा आवाज मला लई स्पष्ट येत हुता बघ. शेजारी बसल्यागत."

मी पेला खाली ठेवला. म्हणालो, "रेंजचं तसंच असतं दाजी. एका बाजूनं येतं, एका बाजूनं नाही."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "असतंय तसं." आणि थांबलात. पंखा फिरत होता. मी रिकामा पेला उचलून आत नेला, विसळला, पालथा घातला. परत आलो तेव्हा तुम्ही दुसरंच काहीतरी बोलायला लागला होतात.

तुम्हाला माहीत होतं का, दाजी? हा प्रश्न मी आता कुणाला विचारू? देवाला विचारायची मला सोय नाही. लोकांना मीच मनाई करून ठेवलीये.

शेवटच्या रविवारी तुम्ही पुन्हा म्हणालात, "आज शेवटचं पान वाच." मला एका बारशाला जायचं होतं. म्हणालो, "पुढच्या रविवारी, नक्की." तुम्ही म्हणालात, "बरं." गुरुवारी सकाळी सलोमी चहा घेऊन गेली तर तुम्ही उठला नाहीत.

दफनाहून घरी आल्यावर मी ते पान उघडलं. मित्र ईयोबाकडं जातात. एवढंच लिहिलंय, गेले. जाताना काय वाटलं, दारात उभं राहून काय बोलले, काही नाही. पण गेले, आणि तो जिवंत होता. मला माझा ईयोब मोतीबिंदूसकट, समोरच्या खुर्चीत, इतकी वर्षं मिळाला होता, आणि मी गेलो नाही. माझ्यासाठी प्रार्थना करणारा माणूस मी मातीत ठेवून आलो आणि वर एक स्तोत्र वाचलं.

देवापुढं नम्र व्हा, असं मी तीस वर्षं सांगत आलो. मान खाली घालून, डोळे मिटून सांगत आलो. तुम्ही कधी सांगितलं नाही. पावसात छत्री धरून, पट्टी दिसेना तेव्हा वहीत "दिसत नाही" लिहिलं आणि तासाभरानं पुन्हा बघायला गेलात. मला आता यावरही संदेश सुचायला लागलाय, म्हणून इथंच थांबतो.

गेल्या शनिवारी सलोमीच्या घराला लागून असलेल्या शिलाईच्या दुकानात गेलो. ती ब्लाऊज बेतत होती, गळ्यात टेप. मी म्हणालो, "मशीन बंद आहे ना? मला एक सांगायचंय." उभ्यानंच सांगितलं. व्हरांडा, तुमचं बोलणं, माझं हॅलो हॅलो, बंद केलेला फोन. अक्का जेवणाचं म्हणाली तेही. देवाचं नाव मध्ये आणलं नाही.

ती खडूनं कापडावर रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "ऐकू येत हुतं?"

"सगळं."

"ट्रॅक्टर हुता?"

"होता. उभा होता."

खडू मोडला. "एक वरीस मी बाबांशी बोलले न्हाय, मामा. एक वरीस. तुम्ही हितंच बसत हुतासा. च्या पीत."

"हो."

"आता कशाला सांगताय? मी माफ करावं म्हणून?"

"नाही. तू त्यांना जे म्हणालीस ते माझं होतं. ते परत घ्यायला आलोय."

"आता घेऊन काय करणार? त्यांना कुठं नेऊन देणार हाय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर बनवलं नाही. म्हणालो, "माहीत नाही."

ती आत गेली. मला वाटलं, आता येणार नाही, आपण जावं. पण ती आली. हातात तुमची जुनी खिशातली वही, पाण्यानं फुगलेली, रबर लावलेली. खात्याच्या मोठ्या वहीत लिहिण्याआधी तुम्ही ज्यात पेन्सिलीनं टिपायचा ती. तिनं पान काढून माझ्यापुढं धरलं. त्या रविवारचं. तासातासाचे आकडे, तुमचं गोल अक्षर. आणि दुपारच्या आकड्याखाली:

मास्तरला फोन केला. त्याचा आवाज स्पष्ट. माझा पोचला का, दिसत नाही. पुन्हा लावला. बंद.

"ही वही बाबांच्या उशाला असायची," सलोमी म्हणाली. "मी म्हणायची, कशाला जपताय भिजकी वही. म्हणायचे, एक नोंद अर्धी हाय." तिनं नाक पुसलं. "इतकी वर्षं त्यांनी एक अक्षर वाढवलं न्हाय ह्यात. अंदाजानं बी न्हाय."

मी वाचत राहिलो. तुम्ही मला खोटारडा लिहू शकला असता. वहीत जागा होती, पेन्सिल तुमची होती, आणि शेजारी बसल्यागत आवाज येणाऱ्या माणसाला आपला आवाज जात नाही, हे तुमच्यासारख्याला पटलं असेल का? तरी नाही लिहिलंत. जे दिसलं तेवढंच.

सलोमीनं कापडावरची पेन्सिल उचलून माझ्यापुढं ठेवली. "लिवा."

"मी?"

"मग कोण? तुमालाच म्हाईत हाय. लिवा."

शाळेत एवढे फळे लिहिले, पण एवढी ओळ कधी जड गेली नव्हती. तुमच्या ओळीखाली मी लिहिलं: पोचला होता.

वही परत दिली. तिनं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवली.

"वेळ घाला, मामा," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, वेळ नसली तर नोंद धरत न्हाईत."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि त्या शनिवारची तारीख आणि वेळ घातली.